जमिनीच्या कागदांची पेटी

सात-बारा आता संगणकावर मिळतो; घरचे मूळ वाटणीपत्र तेथे मिळत नाही. तरी बिलोलीकडे पुष्कळ घरी ते व 1954-55 च्या खासरा पत्रकाची नक्कल फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवितात, आणि वाळवीस तीच जागा सोईची. सबब हाताने एक सागाची पेटी करावी. किनवटकडील साग प्रसिद्धच आहे. मात्र फळी पुरी वाळलेली घ्यावी. पांढरा भाग टाळावा, वाळवी प्रथम तोच धरिते.

लांबी 18, रुंदी 12 व उंची 8 इंच पुरे. समोरासमोरच्या फळ्या जोडीने सारख्या कापाव्या. खिळ्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे, नाही तर टोक चिरते. चौकट जमली की सुतळीने दोन्ही कर्ण मापावे. ते समान भरेपर्यंत चौकट दाबून सरळ करावी.

नवशिका फसतो तो तळाशी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते. एकसंध रुंद तळ घट्ट ठोकल्यास चौकटीचे सांधे उकलतात. म्हणून चार-चार इंचांच्या आडव्या पट्ट्या घ्याव्या व काम उन्हाळ्यात केल्यास मध्ये अर्धा सूत फट ठेवावी.

झाकणास दोन बिजागऱ्या व कडी लावावी. जवसाचे तेल बाहेरूनच चोळावे. आतले तेल कागदावर उतरते. पेटी विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवून मृगापूर्वी एकदा उघडून पाहावी.