धाव नसलेलं चाक : जुन्या मोटारीच्या लाकडी स्टिअरिंगची दुरुस्ती

आजचा विषय जुन्या मोटारीच्या लाकडी स्टिअरिंगचा आहे. पण बीडमध्ये बोलतोय, तर सुरुवात बैलगाडीच्या चाकापासून करू या. ते इथल्या बहुतेकांनी पाहिलंय, आणि स्टिअरिंगचं निम्मं शास्त्र त्यातच आहे.

गाडीच्या चाकात मधे तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर गोलाईचे तुकडे, म्हणजे पुठे. आता सुतार ही कड एकाच फळीतून का कापत नाही? कारण लाकडाला रेषा असतात. अख्खं कडं एका फळीतून काढलं, तर दोन ठिकाणी रेषा कड्याच्या बरोबर धावतात आणि दोन ठिकाणी आडव्या येतात. जिथे आडव्या येतात तिथे लाकूड बिस्किटासारखं मोडतं. म्हणून तुकडे जोडायचे, आणि प्रत्येक तुकड्यात रेषा शक्यतो गोलाईच्या बरोबर ठेवायच्या.

स्टिअरिंगचं कडंही असंच बनतं. सुरुवातीच्या मोटारींना गोल स्टिअरिंग नव्हतंच, दांडा असायचा. 1894 च्या पॅरिस ते रूआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरों यांनी आपल्या पानहार्ड गाडीला गोल स्टिअरिंग लावलं होतं. पुढे काही वर्षांत ते सगळीकडे आलं. अक्रोड, महोगनी, अ‍ॅश अशा लाकडाचे तुकडे जोडून कडं करायचं, आणि ते पितळ, लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या आऱ्यांवर मागून स्क्रूने आवळायचं, ही रीत पडली. व्यास 16 इंच असेल तर घेर साधारण 50 इंच; चार तुकडे धरले तर एकेक साडेबारा इंचांचा.

इथपर्यंत दोन्ही चाकं सख्खी भावंडं. पण एक मोठा फरक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. धाव आक्रसते आणि सगळे सांधे आवळून धरते. स्टिअरिंगला धाव नाही. तिथे सांधा धरून ठेवतो तो फक्त चिकटवण्याचा थर. म्हणूनच आमचं म्हणणं असं की स्टिअरिंगची दुरुस्ती म्हणजे आधी सांध्याची दुरुस्ती. पॉलिश नंतर.

हे आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीला हातात आलेल्या एका स्टिअरिंगच्या भेगा आम्ही लांबी भरून बुजवल्या, घासलं, चकचकीत पॉलिश केलं. मालक खूश, आम्हीही खूश. मे महिन्यात गाडी अंगणातून शेडमध्ये ढकलत घेताना स्टिअरिंग जोरात वळवलं आणि कडं सांध्यात उघडून मालकाच्या हातात आलं. गाडी चालण्याच्या वेगात होती म्हणून निभावलं. रस्त्यावर असती तर?

मग भेग पडते कशानं? लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं. रेषेच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही, पण आडव्या दिशेनं फुगतं आणि आक्रसतं. आपल्याकडे मे महिन्याची कोरडी झळ आणि श्रावणातली दमट हवा, वर्षातून एकदा हा खेळ ठरलेला. धातूचे आरे ओलाव्यानं फुगत नाहीत, लाकूड फुगतं. ताण सांध्यावर आणि स्क्रूच्या भोकांवर येतो. त्यात जुन्या कामातला सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं मऊ पडतो. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात खिळखिळं झालं की आपण पाण्यात बुडवतो आणि ते घट्ट होतं. स्टिअरिंगवर हा उपाय चुकूनही करू नका. उरलासुरला सरसही सुटेल.

आता कामाचा क्रम.

पहिलं, स्टिअरिंग उतरवताना हातोडी मारायची नाही. पुलर वापरायचा. चाकं सरळ असताना मध्याची खूण करून ठेवायची. मग कड्यावर नखानं किंवा लाकडी दांडीनं टिचक्या मारत जायचं. जिथे सांधा धड आहे तिथे आवाज खणखणीत येतो, सुटला आहे तिथे भद्द. बोट फिरवून पाहा, सुटलेल्या सांध्यावर बारीक पायरी लागते.

दुसरं, सुटलेला सांधा पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडून वरून चिकट पदार्थ ओतला तर तो आत पोचत नाही. जुना सरस कोमट ओल्या फडक्यानं सोडवायचा, हाताचं तेल आणि मळ टर्पेंटाइननं काढायचा, आणि लाकूड सावलीत पूर्ण वाळू द्यायचं. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर 8 ते 12 टक्के चालतो.

तिसरं, चिकटवणं. फर्निचरला फेविकॉल उत्तम, पण इथे नको. सततच्या ताणाखाली आणि उन्हात तापल्यावर असा पांढरा गोंद हळूहळू सरकतो. दोन भागांचं, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घ्या. शिकंजा गोल कड्यावर नीट बसत नाही. त्यावर आमचा उपाय म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. तिची पट्टी कापून ताणत गुंडाळा, दाब सगळीकडून सारखा बसतो. खाली प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर ट्यूबच चिकटेल. एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही.

चौथं, एखादा तुकडा कुजला असेल तर तेवढाच बदला, त्याच जातीच्या लाकडानं. टोकाला टोक लावून चिकटवलेला सांधा टिकत नाही, तो तिरपा हवा. आम्ही एकास आठ उतार धरतो: कडं 20 मिलिमीटर जाड असेल तर सांधा 160 मिलिमीटर लांब. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर कठीण लाकडाची खुंटी चिकटवून पुन्हा भोक पाडायचं. बारीक भेगेत लांबी नको, त्याच लाकडाची चीप बसवा. लाकूड हललं की लांबी सुटते.

आता पॉलिश. 240, 320, 400 अशा क्रमानं काचकागद, हलक्या हातानं. चपड्याचं पॉलिश दिसतं सुंदर, पण घामाच्या हातानं आणि उन्हानं मऊ पडतं. म्हणून चपड्याचा एक पातळ हात, वरून ऊन सोसणाऱ्या पीयूचे तीनचार पातळ हात.

एक प्रश्न नेहमी येतो: सगळं कडं नवीनच का करत नाही? 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण आमच्या लेखी कारण वेगळं आहे. बोटं जिथे रोज टेकली तिथे लाकूड झिजून खोलगट झालेलं असतं. ती झीज नवीन लाकडात कोरता येत नाही. म्हणून आम्ही ती घासून सपाट करत नाही.

मात्र धातूच्या आऱ्यालाच किंवा मधल्या भागाला तडा असेल, तर ते स्टिअरिंग भिंतीवर लावा, गाडीवर नको. बसवण्याआधी मांडीवर धरून दोन्ही हातांनी पिळून बघा. जरा जरी करकरलं, तर काम अजून संपलेलं नाही.