छोट्या गाडीचे ॲव्हरेज : कागदावर किती, रस्त्यावर किती?

नवी गाडी दारात उभी राहिली की मुबारकबाद देणाऱ्याचा पहिला सवाल ठरलेला असतो, "किती देते?" रंग, किंमत, हप्ता हे सगळे नंतर. आणि घेणाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते, "कंपनी चोवीस सांगते." कंपनी सांगते तो आकडा आणि आपल्या रस्त्यावर गाडी देते तो आकडा, या दोहोंत फरक असतो हे सर्वांना ऐकून माहीत आहे. पण तो फरक किती आणि कशामुळे, हे मोजून पाहणारे थोडे. मीही मोजले नव्हते, आणि त्यामुळे माझ्या हातून एका प्रामाणिक माणसावर नाइन्साफी झाली. म्हणून हा लेख.

२०२३ साली मी हजार सीसीची एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. कागदावर ॲव्हरेज लिटरला चोवीस किलोमीटर. मालेगावात दिवसभर दुकान, मागवाले, गोदाम अशी धावपळ, महिन्यातून एक-दोन वेळा नाशिक, आणि कापडाचे नमुने घेऊन भिवंडीची एखादी फेरी. गाडी बहुतेक वेळा आमचे ड्रायव्हर भाई चालवीत. महिन्याची धाव साधारण दीड हजार किलोमीटर. मी चोवीसने भागले, साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागायला हवे होते. पावत्या निघाल्या एक्याण्णव लिटरच्या. साडेअठ्ठावीस लिटर जास्त, म्हणजे महिन्याला तीन हजार रुपये.

दोन महिने असेच चालले आणि माझ्या मनात बदगुमानी शिरली. वाटले, पेट्रोल टाकीत कमी आणि पावतीवर जास्त जाते आहे. मी त्यांना तोंडावर चोर म्हटले नाही, पण पगारातून दोन महिने पंधराशे-पंधराशे रुपये कापून घेतले. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे. एवढेच म्हणाले, "सेठ, एक महिना टाकी तुम्ही भरा, गाडी तुम्ही चालवा. मग जो हिशेब निघेल तो मला मंजूर."

कोरे कापड आणि कंपनीचा आकडा

आपल्या धंद्याची गोष्ट घ्या. मागावरून उतरलेले कोरे कापड शंभर मीटर मोजले, तरी धुलाई-रंगाईनंतर ते शंभर भरत नाही. कापड आटते. म्हणून कोणी मागवाल्याला खोटारडा म्हणतो का? नाही. घट किती हे आपण आधीच धरून चालतो आणि भाव त्याप्रमाणे बांधतो. गाडीचा आकडा हा असाच कोऱ्या कापडाचा आकडा आहे. तो खोटा नसतो, पण धुतलेला नसतो.

हा आकडा येतो कुठून? आपल्या देशात गाड्यांची अशी तपासणी करणारी जुनी संस्था म्हणजे पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. तिची स्थापना १९६६ ची. आजवर लोकांच्या तोंडी असलेले आकडे ज्या चाचणीतून आले तिची पद्धत अशी : गाडी रस्त्यावर न नेता बंद खोलीत रुळांवर, म्हणजे फिरत्या रोलरवर उभी करतात. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात, थांबतात. सगळा प्रयोग ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास. सर्वात जास्त वेग ताशी ९०, आणि सरासरी वेग ताशी ३२ च्या जवळपास. एसी बंद. खड्डा नाही, घाट नाही, समोर हातगाडी नाही, मागच्या सीटवर चार माणसे नाहीत आणि डिकीत कापडाचे तागे नाहीत.

सर्व गाड्यांची एकाच तराजूत तुलना व्हावी हा या चाचणीचा हेतू. कोणती गाडी दुसरीपेक्षा कमी पेट्रोल पिते हे त्यातून कळते. पण आपल्या गल्लीत आपली गाडी किती पिणार, हे त्यातून कळत नाही.

चार टाक्यांचा हिशेब

ड्रायव्हर भाईंच्या बोलण्यावरून मी महिनाभर स्वतः गाडी चालवली. पद्धत साधी आहे आणि कोणालाही करता येते. पंपावर टाकी फुल करायची. नळी आपोआप बंद झाली की त्यावर एक थेंब घालायचा नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा तशीच टाकी फुल करायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितके आपण जाळले. किलोमीटरला त्या लिटरने भागले की खरे ॲव्हरेज. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये, तो बऱ्याच वेळा थोडा वाढवून दाखवतो.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा :

पहिली टाकी, फक्त गावातली धावपळ : ३१२ किलोमीटर, २४ लिटर. ॲव्हरेज १३.
दुसरी टाकी, नाशिकच्या दोन फेऱ्या, वेग ८० च्या आत : ४२० किलोमीटर, साडेवीस लिटर. ॲव्हरेज साडेवीस.
तिसरी टाकी, भिवंडीची फेरी, एसी चालू, डिकी भरलेली, वेग १०० च्या घरात : ४७४ किलोमीटर, २७.१ लिटर. ॲव्हरेज साडेसतरा.
चौथी टाकी, थोडे गाव थोडा हायवे : ३८४ किलोमीटर, साडेतेवीस लिटर. ॲव्हरेज १६.३.

एकूण १५९० किलोमीटर, ९५.१ लिटर. सरासरी १६.७. ड्रायव्हर भाईंच्या हातात ती साडेसोळा होती. म्हणजे जे पेट्रोल चोरीला जाते असे मी समजत होतो, ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या पायाखाली जळत होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तीन हजार रुपये परत केले आणि माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि विषय संपवला. पण माझ्या मनातून तो अजून संपलेला नाही. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने किती सख्त ताकीद दिली आहे हे आपण कापड मोजताना आठवतो. चुकीच्या मापाने माणूस मोजणे हेसुद्धा त्यातच येते, हे मला उशिरा कळले.

पेट्रोल जाते कुठे?

गावात ॲव्हरेज इतके का पडते, याची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले, थंड इंजिन. गाडी सुरू करून दीड-दोन किलोमीटरवर बंद केली, तासाने पुन्हा सुरू केली, तर इंजिन कधी नीट गरम होतच नाही, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते. दुसरे, उभी गाडी. छोटे इंजिनसुद्धा चालू स्थितीत उभे राहिले तर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते, एसी असेल तर जास्त. त्या वेळेचे किलोमीटर शून्य. तिसरे, ब्रेक. जितक्या वेळा ब्रेक मारला तितक्या वेळा वेग मिळवण्यासाठी जाळलेले पेट्रोल ब्रेकच्या गरमीत गेले.

हायवेवर शत्रू वेगळा असतो, तो म्हणजे हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त. नाशिक आणि भिवंडीच्या टाक्यांमधला फरक बराचसा इथलाच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडीजवळच आहे, आणि वाटेतला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा कसारा घाट टाळतो. वेळ नक्की वाचतो. पण रिकामा रस्ता पाहून पाय खाली गेला तर घाटात वाचलेले पेट्रोल पुढे वेगात जाते.

घाटाची एक गैरसमजूतही काढून टाकायला हवी. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचते, असे जुने लोक सांगतात. कार्बोरेटरच्या गाड्यांत त्याला थोडा अर्थ होता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला असेल, तर इंजिनाला पेट्रोल जाणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. वर ब्रेक तापून जिवाला धोका तो वेगळा.

आणखी एक कारण टाकीतच आहे. २०२५ मध्ये आपल्या देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज असा होता की जुन्या पद्धतीच्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज अशा पेट्रोलवर सहा ते सात टक्के कमी होईल, आणि त्यासाठी इंजिन जुळवून घेतलेल्या नव्या गाड्यांत एक ते दोन टक्के. तेव्हा जुनी गाडी वापरणाऱ्याने ॲव्हरेज थोडे उतरले म्हणून लगेच मेकॅनिकला किंवा ड्रायव्हरला दोष देऊ नये.

रुपयांत काय फरक पडतो?

हिशेबाला पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. चोवीसच्या ॲव्हरेजने किलोमीटरला चार रुपये सदतीस पैसे पडतात. १६.७ ने सहा रुपये एकोणतीस पैसे. फरक जवळजवळ दोन रुपये. भिवंडीच्या एका फेरीला मी कागदावर दोन हजार चौऱ्याहत्तर रुपये धरीत होतो, खरे लागले दोन हजार आठशे पंचेचाळीस. हे पावणेआठशे रुपये लहान वाटतात. पण ज्या धंद्यात मीटरमागे पंचवीस पैशांवर सौदा तुटतो, तिथे तो तीन हजार मीटर कापडाचा नफा आहे. मी किती सौद्यांत हा खर्च न धरता भाव दिला, ते अल्लाहच जाणे.

सीएनजीचा विचार करणाऱ्यांनीही हाच नियम लावावा. वॅगनआरचा एक लिटर इंजिनाचा जाहीर आकडा पेट्रोलवर २४.३५ आणि सीएनजीवर ३४.०५ आहे. पण पहिला लिटरला आहे आणि दुसरा किलोला. किलोभर सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या साधारण दीडपट ताकद असते, म्हणून नुसते आकडे समोरासमोर ठेवू नका, किलोमीटरला रुपये किती ते काढा. सीएनजी स्वस्त पडते यात शंका नाही. मात्र बहुतेक छोट्या गाड्यांत टाकी डिकीत बसते. ज्याला तागे न्यायचे आहेत त्याने आधी डिकी उघडून पाहावी, मग किंमत विचारावी.

काय करावे?

गाडी घेण्यापूर्वी हप्त्याचा विचार करताना कागदावरच्या आकड्यातून निदान तीस टक्के घट धरा. धाव फक्त गल्लीबोळांतली असेल तर चाळीस ते पंचेचाळीस. त्या हिशेबात गाडी परवडली तरच घ्या.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळ लिहिलेला असतो. हवा दहा पॉइंट कमी असेल तर सुमारे दोन टक्के पेट्रोल जास्त जाते आणि टायर झिजतो तो निराळा. डिकीत विनाकारण पडलेले जुने नमुने काढून टाका. तीन छोट्या फेऱ्यांऐवजी एक फेरी करा. हायवेवर ८० च्या आसपास राहा. पंपाच्या मापाची शंका आली तर तिथे ठेवलेल्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा असे सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे, त्यात भांडण नाही.

एवढे केल्यावर आमची गाडी आता महिन्याला अठराच्या आसपास देते. दीड हजार किलोमीटरमागे सहा-सात लिटर वाचतात. चोवीस कधीच देणार नाही, आणि आता ती अपेक्षाही नाही.

गाडी आज पुन्हा ड्रायव्हर भाईच चालवतात. फरक एवढाच की गाडीत एक वही आहे. त्यात ते किलोमीटर आणि लिटर लिहितात, आणि महिन्याच्या शेवटी आम्ही दोघे बसून भागाकार करतो. ज्या घरात, ज्या दुकानात नोकराच्या हातात गाडी आहे, तिथे अशी वही ठेवा. ती पहारा देण्यासाठी नाही, तर आपल्या मनात बदगुमानी शिरू नये यासाठी. आधी मोजा, मग बोला. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपली मापे सरळ ठेवो. आमीन.