इलेक्ट्रॉनिक्सची पदवी: चार वर्षे शिकतात तरी काय?

इलेक्ट्रॉनिक्स शिकणे म्हणजे रेडिओ, टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करायला शिकणे, असे आमच्या गावात अजूनही बरेच जण धरून चालतात. माझी ताई ‘ई अँड टीसी’च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती सुट्टीत घरी आली की शेजारचे काका बंद पडलेला मिक्सर घेऊन हजर होतात. ताईला तो दुरुस्त करता येत नाही, बाबांना येतो. बाबा सैन्यात ईएमईमध्ये हवालदार आहेत, रडारची दुरुस्ती करतात आणि त्यांच्याकडे पदवी नाही. मग ताई कॉलेजात चार वर्षे करते काय, असे काका विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी यंदा दहावीला आहे आणि मलाही याच शाखेत जायचे आहे. म्हणून ताईची पुस्तके चाळून आणि दोघांना प्रश्न विचारून जे समजले, ते इथे मांडतो.

या पदवीत तारांपेक्षा गणित जास्त आहे. दुसऱ्या वर्षी ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ नावाचा विषय असतो. ताईच्या मते अर्धा वर्ग तिथेच गळपटतो. पण त्याचे मूळ आपल्या बिगुलात सापडते. बिगुलाला बटणे नसतात. नळी एकच, तरी वेगवेगळे स्वर निघतात, कारण तीच हवा मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींत कंप पावू शकते. शिवाय कोणताही एक स्वर वाजला तरी त्यात या पटी थोड्या थोड्या मिसळलेल्या असतात. हे मिश्रण प्रत्येक वाद्याचे निराळे असते, म्हणून तोच स्वर हार्मोनियमवर वाजवला तरी तो बिगुल नाही हे डोळे मिटूनही कळते. जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेचा अभ्यास करताना दाखवले की कशीही वेडीवाकडी लहर अशा साध्या लहरींच्या बेरजेत मांडता येते. त्याचे पुस्तक १८२२चे. आज वायरलेस सेटपासून ईसीजीपर्यंत सगळीकडे त्याचेच गणित वापरतात.

त्याचा एक उपयोग आपण दर रविवारी हाऊसच्या फोनवर ऐकतो. जुन्या पद्धतीचा तारेचा टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. पुरुषाच्या आवाजाचे मूळ कंपन बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे बाबांच्या आवाजातला सर्वांत खालचा स्वर माझ्यापर्यंत येतच नाही! येतात त्या फक्त त्याच्या पटी, आणि त्यांवरून मूळ स्वर माझा कान जुळवून घेतो. आवाजातले किती कापले तरी माणूस ओळखू येतो, हे कोणीतरी मोजून ठरवले. कमी जागेत जास्त संभाषणे बसली ती त्यामुळेच. पुढे आवाज आकड्यांत बदलायची वेळ आली तेव्हा सेकंदाला ८००० वेळा मोजणे ठरले. सर्वांत वरच्या वारंवारितेच्या दुपटीहून थोडे जास्त मोजावे लागते, आणि ३४००ची दुप्पट ६८०० होते.

दुसरे उदाहरण बाबांच्या कामातले. रडार एक स्पंद सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. जाणे-येणे दोन्ही धरले तर दर मायक्रोसेकंदामागे अंतर १५० मीटर. उत्तर २०० मायक्रोसेकंदांनी आले, तर विमान ३० किलोमीटरवर आहे. इथवर आपल्या दहावीच्या गणितात बसते. पण हेच रडार ६० किलोमीटरपर्यंत पाहू शकेल असे करायचे झाले, तर शक्ती किती वाढवावी? मी म्हणालो दुप्पट. ताई हसली आणि म्हणाली, सोळापट. अंतर दुप्पट झाले की लहर पसरून विमानावर एक चतुर्थांश ऊर्जा पडते. तिथून परत येताना ती पुन्हा तशीच पसरते, म्हणून पुन्हा एक चतुर्थांश. दोन्ही मिळून सोळावा हिस्सा. म्हणून नुसती शक्ती वाढवत बसण्यापेक्षा अँटेना मोठा करणे, रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट कमी करणे असे उपाय शोधतात.

बाबा रडारचा बिघडलेला भाग तासाभरात हुडकून काढतात. त्या कामात ताई त्यांच्या जवळपासही नाही. पण रडार जन्माला यायच्या आधी त्याचा पल्ला कागदावर सांगायचा, हे पदवीचे काम. ताईचे एक वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे: “पुस्तकातला रेझिस्टर १००० ओहमचा असतो, बाजारातला ९५० ते १०५०च्या मधला कुठलाही.” सोनेरी पट्टीचा अर्थ तोच, पाच टक्के कमी-जास्त. असे शेकडो भाग एकत्र आले तरी यंत्र चालले पाहिजे, असा आराखडा करायला शिकतात.

बाकीचा अभ्यासक्रम थोडक्यात सांगतो. पहिले वर्ष सर्व शाखांना बरेचसे सारखे: गणित, भौतिक, रसायन, ड्रॉइंग, वर्कशॉप. पुढे डायोड-ट्रान्झिस्टर, डिजिटल सर्किट, मायक्रोकंट्रोलर, कम्युनिकेशन, अँटेना, आणि शेवटी प्रोजेक्ट. एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचे १६० श्रेयांक आहेत. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, पण प्रॅक्टिकलला त्यासाठी दोन तास लागतात. (हे मला अन्यायाचे वाटते. प्रॅक्टिकलनंतर जर्नलही लिहावे लागते!)

पालकांना यापुढचा भाग जास्त कामाचा. वाट दहावीलाच फुटते. एक म्हणजे तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश: तीन अधिक तीन, सहा वर्षे. दुसरी, अकरावी-बारावी आणि मग चार वर्षे: तीही सहाच. बाबांचा कौल डिप्लोम्याला होता. हातात कसब लवकर येते, आणि पुढे काही अडले तरी उपाशी राहायची वेळ येत नाही, असे ते म्हणतात. घरची स्थिती पाहता हे म्हणणे हलके नाही.

पण डिप्लोम्याला गेलो तर ही शाळा सुटते, आणि एनडीएला बारावी लागते. नौदल आणि वायुसेनेसाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित हवेच. त्या दोन सेनांच्या कॅडेटना तिथे बी.टेक. करता येते. खडकवासल्याची तीन वर्षे झाली की चौथे वर्ष नौदलाचे एळिमला येथे आणि वायुसेनेचे हैदराबादजवळ डुंडिगल येथे पूर्ण होते. पायदळाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी बारावीनंतर टीईएस आहे. त्याला पीसीएममध्ये किमान ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असावी लागते, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे, महू व सिकंदराबाद येथील लष्करी महाविद्यालयांत होते. पदवीनंतरही सेनेत जाता येते, त्यामुळे डिप्लोमावाल्याला सगळी दारे बंद होतात असे नाही. एनडीएचे मात्र होते.

हे सगळे कागदावर मांडून मी बाबांना पाठवले. रविवारी फोनवर त्यांनी आधी परीक्षाच घेतली: “मग शक्ती चौपट केली तर पल्ला किती वाढेल?” मी म्हणालो, सुमारे १.४१ पट. “बरं, बारावी कर,” एवढेच म्हणाले.

अकरावीच्या अर्जात गणित, भौतिक, रसायन आणि इंग्रजी भरले आहे. पाचवा विषय अजून रिकामा आहे. ताई म्हणते संगणकशास्त्र घे. बाबा म्हणतात शारीरिक शिक्षण घे, गुण तरी मिळतील.