गिधाडांची गणती आणि कायद्याची कलमं

औषधाच्या दुकानात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मागितलं, तर एका वेळेपुरत्या औषधाची इवलीशी कुपी हातात पडते. पूर्वी याच औषधाच्या 30 मिलीलिटरच्या बाटल्याही मिळायच्या. 2015 साली केंद्र सरकारने त्या बंद केल्या. कंबरदुखीने बेजार झालेल्या परळकराला यामागचं कारण सांगितलं तर नवल वाटेल. कारण आहे गिधाडं.

आजारी गाई-म्हशींना हे वेदनाशामक टोचलं जाई. जनावर लगेच मेलं, तर औषध त्याच्या मांसात उरे. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत आणि ते काही दिवसांत मरे. अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा शंभरांतलं एखादं मृत जनावर विषारी असलं तरी अख्खी जात संपायला पुरेसं आहे, असं दिसलं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशी समाजाला त्यांच्याअभावी सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले.

ही घट आधी कुणाच्या लक्षात आली? लायन गेटसमोरच्या ‘हॉर्नबिल हाउस’मधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या माणसांच्या. संस्थेचे विभू प्रकाश राजस्थानातल्या भरतपूरला ऐंशीच्या दशकापासून शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुन्हा मोजदाद केली, तेव्हा घरटी ओस पडलेली. जुन्या नोंदी नसत्या तर ‘पूर्वी गिधाडं फार असायची बुवा’ एवढ्यावरच विषय संपला असता. डायक्लोफिनॅकचं नाव 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आलं. त्याला भारतातल्या नमुन्यांनी दुजोरा दिला आणि मे 2006मध्ये जनावरांसाठीच्या या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. नुसतं ‘बंद करा’ म्हणून भागत नव्हतं, पशुपालकाला पर्याय हवा होता. तो मेलॉक्सिकॅमच्या रूपाने मिळाला, कारण गिधाडांना ते सुरक्षित असल्याचं चाचण्यांत सिद्ध झालं होतं. तरी माणसांच्या नावाने निघालेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून 2015चा नियम. 2023 साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांनाही पशुवैद्यकात मज्जाव झाला.

विज्ञानसंस्थेने सरकारला सल्ला द्यावा, ही गोष्ट या संस्थेला नवी नाही. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि तिची स्थापना झाली. त्यांत दोन मराठी डॉक्टर होते: आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक. गिरगावात बसचा थांबा आजही ज्या नावाने ओळखला जातो तोच हा समाज. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. बालपणी झालेलं लग्न मानायला न्यायालयात नकार देणाऱ्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. त्या खटल्याने पेटलेल्या वादाची सावली 1891च्या संमतिवयाच्या कायद्यावर पडली. पानाफुलांत रमणारी ही माणसं सार्वजनिक वादांना बिचकणारी नव्हती.

सुरुवातीला संस्थेचा संसार फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याच्या जागेत थाटला होता. पुढे संस्थेच्या कार्यालयात ‘विल्यम’ नावाचा धनेश बरीच वर्षं मुक्कामाला होता. संस्थेच्या बोधचिन्हावर आज धनेशच आहे.

कायद्याशी संबंध पुढे घट्ट होत गेला. संस्थेचे क्युरेटर स्टॅन्ली प्रेटर हे तर अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून संविधान सभेतही बसले. मुंबई राज्याचा 1951चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात संस्थेच्या हुमायूं अब्दुलाली यांचा मोठा वाटा होता. देशव्यापी कायदा यायला 1972 उजाडलं. याच अब्दुलालींनी बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध आघाडी उघडली. भातखाचरातला बेडूक किडे खातो. तो परदेशी ताटात गेला की शेतकऱ्याला कीटकनाशक विकत घ्यावं लागतं, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. 1987मध्ये ही निर्यात थांबली.

संशोधनाला पैसा कुणाकडून घ्यावा, या प्रश्नाने मात्र संस्थेला चटके दिले. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करताना हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली गेली. हेतू दुहेरी होता: प्रवासाचे मार्ग कळावेत आणि क्यासनूरच्या जंगलातल्या तापासारखे रोग पक्ष्यांबरोबर येतात का, तेही तपासावं. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, पुढे अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या योजनेचा पैसा आला. सत्तरच्या दशकात वर्तमानपत्रांनी संशय घेतला आणि संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहकार्याने चालणाऱ्या प्रकल्पांची झाडाझडती घेतली. त्यात हा अभ्यासही होता. पक्ष्याच्या पायातलं कडं थेट संसदेच्या टेबलावर पोहोचलं!

स्वतःच्याच भूमिकेला मुरड घालायची वेळ आली ती भरतपूरला. तिथल्या पाणथळीत म्हशी चारू नयेत, असा संरक्षणवाद्यांचा आग्रह होता आणि संस्थेचे पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्यासारख्यांचं वजन त्यामागे होतं. 1982मध्ये चराईबंदी आली. गावकरी खवळले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. बीएनएचएसचा तिथला अभ्यास दशकभर चालू राहिला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी नाहीत म्हटल्यावर गवत माजलं, उघडं पाणी आक्रसलं आणि बदकांसारख्या पक्ष्यांची अडचण झाली. संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी तसं लिहिलं. गेलेली माणसं परत येणार नव्हती, पण ‘चराई म्हणजे ऱ्हास’ हे समीकरण त्यानंतर डोळे मिटून मांडणं अवघड झालं.

शिक्षणाबाबत संस्थेचा कल आधीपासून वस्तू हातात देण्याकडे आहे. खेतवाडीत वाढलेला सलीम नावाचा मुलगा छर्ऱ्याने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन इथे आला. संस्थेचे सचिव मिलर्ड यांनी तिची ओळख पटवली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण त्याच्यापुढे उघडले. 1941 साली त्याच सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक संस्थेने काढलं. पुढे पक्षिशास्त्रात पदव्युत्तर संशोधन करण्यासाठी मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळाली आणि गोरेगावला चित्रनगरीजवळ निसर्गशिक्षणाचं केंद्र उभं राहिलं. एक लाखाहून अधिक नमुन्यांचा संग्रह आजही संशोधकांच्या कामी येतो.

आता कसोटी शिवडीला आहे. लालबाग-परळहून हाकेच्या अंतरावरच्या या चिखलात नव्वदच्या दशकापासून रोहित पक्षी हिवाळ्यात येऊ लागले. त्याच चिखलावरून 21.8 किलोमीटरचा सागरी सेतू न्यायचा ठरला, तेव्हा बीएनएचएसने पक्ष्यांवरच्या परिणामांचा अभ्यास केला, उपाय सुचवले आणि शिवडीकडच्या भागात आवाज अडवणारे पडदे लागले. अशा अभ्यासांचा खर्च अनेकदा प्रकल्प बांधणारं प्राधिकरणच करतं. त्यामुळे ‘पूल नकोच’ म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींना हा सल्ला मिळमिळीत वाटतो, तर अभियंत्यांना तो अडथळा वाटतो. दरम्यान 2015 साली ठाणे खाडीचा काही भाग रोहित अभयारण्य झाला आणि 2022मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली. शिवडीचा चिखल त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेरच राहिला.

12 जानेवारी 2024 रोजी सेतू सुरू झाला. पुलाने वर्दळ वाढून पक्षी घटले की खाडीतल्या गाळाने त्यांचं खाद्यच बदललं, याचं उत्तर एका हंगामात मिळत नाही. त्यासाठी दर महिन्याला मोजावं लागतं, आणि तेही घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून. पाणी चढू लागलं की गुलाबी थवे किनाऱ्याकडे सरकतात, दुर्बिणी डोळ्यांना लागतात आणि कुणीतरी वहीत तारीख घालून पहिला आकडा लिहितं.