नाचणारे डेन

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मराठी मासिकाबरोबर एखादे इंग्रजी दैनिकही येते. त्यातील साधे शब्दकोडे शब्दकोशाच्या आधाराने सुटते. परंतु कोडे ‘क्रिप्टिक’, म्हणजे गूढ प्रकारचे असले, तर चांगले इंग्रजी जाणणारा गृहस्थही हताश होतो आणि ‘आपले इंग्रजी शेवटी कच्चेच’ असे म्हणून पान उलटतो. ही समजूत चुकीची आहे. ती कशी, हे एका लहानशा उदाहरणावरून पाहू.

‘पर्वतराजीत नाचणारे डेन’ अशा अर्थाचे इंग्रजी सूचक वाक्य आहे, असे समजा. उत्तर पाच अक्षरांचे. डेन म्हणजे डेन्मार्कचे रहिवासी. तो देश इतका सखल की त्याची सर्वांत उंच जागासुद्धा पावणेदोनशे मीटर भरत नाही. मग हे लोक कोणत्या पर्वतावर नाचावयास गेले, असा विचार करीत आपण बसलो की फसलोच! कारण येथे माणसे नाचत नसून अक्षरे नाचत आहेत. डेनचे इंग्रजी अनेकवचन डी-ए-एन-ई-एस. ही अक्षरे जागा बदलून ए-एन-डी-ई-एस अशी उभी राहिली की दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत समोर येतो. हीच मंडळी पुन्हा नाचली, तर ‘सेडान’ मोटार होते. आणखी एक फेर धरला, तर महाविद्यालयांचे ‘डीन्स’ होतात.

गूढ कोड्यातील बहुतेक वाक्यांत अशी दोन अंगे असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात ते उत्तर घडविण्याची कृती. ‘नाचणे’, ‘झिंगणे’, ‘मोडणे’ असे क्रियापद दिसले की अक्षरांची उलथापालथ करावी, असा बहुधा संकेत असतो. ‘पोटात घेणे’ आले की एका शब्दात दुसरा घालावयाचा. रोमन आकड्यांत शंभर म्हणजे सी. डी-ए-एन-ई या एकट्या डेनने हा शंभर पोटात घेतला की डी-ए-एन-सी-ई, म्हणजे ‘डान्स’ होतो. डेनच्या अंगातच नृत्य दडलेले होते. शंभराची तेवढी वाण होती! शेक्सपिअरचा डॅनिश राजपुत्र हॅम्लेट हाही कोडेकारांचा जुना स्नेही. इंग्रजीत ‘हॅम्लेट’ म्हणजे लहान खेडे. आणि शब्द मध्ये तोडला की ‘हॅम’ म्हणजे भडक अभिनय करणारा नट व ‘लेट’ म्हणजे परवानगी दिली.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात आर्थर विन यांचे पहिले कोडे प्रसिद्ध झाले. त्याला गूढ वळण मिळाले ते इंग्लंडात. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने पॉविस मेथर्स कोडी रचीत. हे नाव स्पेनमधील एका क्रूर धर्मन्यायाधीशाचे! १९३९ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या ‘झिमेनेस’ यांनी १९६६ साली पुस्तक लिहून या खेळाचे नीतिशास्त्र सांगितले. त्याचे सार असे की, कोडेकाराने वाचकाला खुशाल चकवावे. पण त्याच्याशी खोटे बोलू नये. वाक्यातील प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला पाहिजे.

हा न्याय आपल्याला परका नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ‘हॅम्लेट’ तोडण्याची युक्ती हा आपल्या साहित्यशास्त्रातील सभंग श्लेषच होय. मोरोपंतांनी तर ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. भेद आहे तो लिपीचा. इंग्रजीत स्वर व व्यंजने सुटी असल्याने ती वाटेल तशी नाचतात. देवनागरीत स्वर व्यंजनाचा हात धरूनच चालतो. म्हणून आपल्याकडे जुळण्या थोड्या सापडतात. पण सापडतात त्या गोड असतात. ‘मना’च्या पोटात ‘द’ शिरला की ‘मदन’ होतो. ‘लता’ मागे फिरली की ‘ताल’ मिळतो. ‘नाच’ उलटा केला, तर इंदूरच्या बाजारात ‘चना’ हाती येतो. आणि ‘डेन’ उलटला, तर तो आपल्यालाच ‘नडे’!

तेव्हा अडते ते इंग्रजीच्या ज्ञानापाशी नव्हे. आपण ती भाषा परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी शिकलो. तिच्याशी खेळलो नाही. परप्रांतातील मराठी घरांत उद्या मराठीचीही हीच गत होण्याचे भय आहे. ती देवघरात आणि लग्नपत्रिकेत राहील. पण मुले तिच्याशी खेळणार नाहीत. ज्या भाषेत मूल कोटी करते, ती भाषा त्याची स्वतःची झाली, असे खुशाल समजावे.

म्हणून आज रात्री जेवणाच्या वेळी मुलांना एवढेच विचारा: ‘सरिता माघारी वळली आणि गरीब झाली, अक्षरे दोन.’ उत्तर मात्र आपण सांगू नका.