टकलं घर

नेदरलँड्समध्ये भाड्याचं घर शोधताना एक शब्द आधी शिकून घ्यावा: ‘काल’. आपला कालपरवातला नव्हे. डच भाषेत काल म्हणजे टकला. जाहिरातीत घरापुढे हा शब्द दिसला की समजायचं, भिंती आहेत, छप्पर आहे, बाकी काही नाही. दिवे नाहीत, पडदे नाहीत आणि पायाखाली फरशीसुद्धा नाही; नुसतं राखाडी काँक्रीट. वरचं लॅमिनेट आधीच्या भाडेकरूनं स्वतःच्या खर्चानं टाकलेलं असतं, म्हणून जाताना तो ते उचकटून घेऊन जातो, नाहीतर येणाऱ्याला विकतो.

आम्ही नाशिकहून आम्स्टलव्हीनला आलो तेव्हा आधीच्या भाडेकरूनं लॅमिनेट, पडदे आणि वॉशिंग मशीन मिळून दोनशे युरो सांगितले. आम्ही मुकाट्यानं दिले. नवरा म्हणाला, ‘‘चला, परदेशात जमीन घेतली एकदाची.’’

आईला मात्र हे पटलं नाही. ‘‘वापरलेलं घेतलंस? पगार पुरत नाही का?’’ तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. आपल्याकडे जुनी वस्तू घराबाहेर पडते ती उतरणीनं: कामाच्या बाईंकडे, बोहारणीकडे, शेवटी भंगारवाल्याकडे. आपल्या बरोबरीच्या माणसाच्या घरातून ती पैसे मोजून आपल्या घरात येत नाही. अपवाद एकच, तान्ह्या बाळाचा. त्याला भाचरांची, धुऊन धुऊन मऊ झालेली झबलीच हवीत, असं हीच आई सांगते.

इथे वस्तू उतरणीला लागत नाही, आडवी जाते. शेजारच्या गल्लीतली दातांची डॉक्टर पाच युरोंना टेबलदिवा विकते आणि तो घ्यायला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस सायकलवरून येतो. दोघांनाही त्यात कमीपणा वाटत नाही. हा सगळा बाजार मुख्यतः ‘मार्क्टप्लाट्स’ या साइटवर चालतो. ती १९९९ साली सुरू झाली आणि पाचच वर्षांत, २००४ मध्ये, ईबेनं ती २२.५ कोटी युरोंना घेतली. जुन्या खुर्च्या आणि पाळणे विकणाऱ्या साइटला एवढी किंमत आली, यावरून लोक तिथे किती पडीक असतात ते कळावं. याशिवाय गावोगावी ‘क्रिंगलोप’ नावाची दुकानं आहेत. लोक तिथे सामान फुकट आणून देतात, ते निवडून, पुसून पुन्हा विकायला ठेवतात. कामाची सवय सुटलेल्या किंवा नोकरी न मिळणाऱ्या माणसांना तिथे अनेकदा काम मिळतं. कपबश्या, जिगसॉ, बर्फावरचे स्केट्स, कुणाच्या तरी लग्नातला सूट. एका तुकड्याची उणीव असेल तर जिगसॉच्या खोक्यावर तसं लिहिलेलंही असतं.

घासाघीस करायची माझी हौस पहिल्याच आठवड्यात जिरली. जेवणाचं टेबल हवं होतं, जाहिरातीत किंमत साठ युरो. मी नाशिकच्या मेनरोडवरच्या बाजाराच्या शिरस्त्यानं तीस म्हटलं. उत्तरच आलं नाही. दुसऱ्या एका टेबलाला चाळीस म्हटलेले होते, तिथे पस्तीस विचारले, तर ‘ठीक, शनिवारी साडेदहाला या’ असं उत्तर आलं. इथली रीत अशी की आकडा आधी लिहून ठरवायचा आणि दारात उभं राहिल्यावर तो पुन्हा काढायचा नाही. दारात काढलात तर टेबल तिथेच राहतं.

टेबल अॅमस्टरडॅममध्ये एका आजोबांकडे होतं, तिसऱ्या मजल्यावर. तिथले जुने जिने म्हणजे शिडीला भिंती बांधल्यासारखे. पाऊल आडवं टाकावं लागतं. म्हणून तर जुन्या घरांच्या माथ्यावर तुळई आणि आकडा असतो. मोठं सामान दोरीनं खिडकीतून आत-बाहेर करतात. आमच्यासाठी आजोबांनी चारही पाय आधीच काढून, स्क्रू एका जॅमच्या बाटलीत भरून ठेवले होते. बाटलीवर चिठ्ठी: ‘१२, एक जास्तीचा’. मग कॉफी झाली. टेबलावरचा पांढरा डाग बायकोच्या इस्त्रीचा, ती गेली आता, असं त्यांनी सांगितलं. या देशात शेजारीसुद्धा दोन आठवडे आधी वार ठरवल्याशिवाय घरी बोलवत नाहीत. पहिल्या वर्षी मी आतून पाहिलेली डच घरं मोजली तर अकरा भरली, आणि अकराही मी काहीतरी उचलायला गेले म्हणून.

सायकलीचं मात्र सांभाळून. रस्त्यात कुणी पंधरा युरोंना चांगली सायकल देऊ केली तर ती बहुधा चोरीची असते आणि ती घेणारासुद्धा गुन्हेगार ठरतो. चोरीस गेलेल्या सायकलींची सरकारी नोंद नेटवर पाहता येते. फ्रेमवरचा नंबर टाकायचा आणि मगच पैसे द्यायचे. आणखी एक: बऱ्याच जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. हे मला कालव्याच्या काठावर कळलं.

मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा फुटबॉल क्लबात नाव घातलं, आणि तिथेही हाच व्यवहार भेटला. तिचा सात नंबरचा शर्ट नवा नव्हता. तो क्लबाचा, गेल्या वर्षी दुसऱ्याच मुलीनं घातलेला. बूट दारातल्या पेटीतून घ्यायचे, आपले लहान झालेले तिथे टाकायचे. बुटांच्या आत मार्करनं लिहिलेली नावं, एक खोडून दुसरं. शर्ट धुवायची पाळी आई-बापांत फिरते. आमच्या पहिल्या पाळीला ती पिशवी उघडली तेव्हा चिखल, घाम आणि संत्र्याच्या साली असा एकत्र वास आला. पाहुण्यांच्या मैदानावर मुलींना गाडीनं नेण्याचीही यादी असते. मॅच संपली की निकाल काहीही असो, प्रत्येक पोरगी एकेक पेनल्टी मारते. लहानांच्या सामन्यांत ही पद्धत सर्रास आहे आणि मला ती फार आवडते. सहा-शून्यानं हरलेली मुलंसुद्धा गोल करून घरी जातात.

देशात फुटबॉल संघटनेचे सभासद दहा लाखांवर आहेत. शनिवारचे क्लब आणि रविवारचे क्लब अशी जुनी विभागणीही आहे, कारण धर्मनिष्ठ घरांत रविवारी खेळणं चालत नसे.

नवरा अर्थातच क्रिकेटकडे वळला. डच क्रिकेट संघटना १८८३ची आहे, हे आपल्याकडे सांगितलं तर खोटं वाटतं. आमच्याच गावच्या मैदानावर १९९९च्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिका विरुद्ध केनिया सामना झाला होता. त्याच दक्षिण आफ्रिकेला डच संघानं २०२३ साली धरमशालेत ३८ धावांनी हरवलं, तेव्हा क्लबातले मराठी, तमिळ, पंजाबी सगळे नारिंगी शर्ट घालून नाचले. हौशी पातळीवर चित्र साधं: बहुतेक ठिकाणी मातीची खेळपट्टी नाही, मॅट. मैदानाच्या कडेनं पाण्याचे चर, आणि षटकार गेला की लांब दांड्याची जाळी घेऊन कुणीतरी पळतं. भिजलेला चेंडू टॉवेलनं पुसून परत खेळायचा. फिरकी टाकणाऱ्यांच्या शिव्या मराठीतच ऐकू येतात.

वर्गणी भरली की आपलं काम संपलं, असं इथे नसतं. क्लबाचा बार सभासदच आळीपाळीनं चालवतात; त्याला ‘बारडीन्स्ट’ म्हणतात. माझीही पाळी आली. आधी दारू जबाबदारीनं कशी द्यायची याचा छोटा कोर्स करावा लागतो, तो मी केला. आमच्या सात पिढ्यांत पहिला बिअरचा ग्लास माझ्या हातून भरला गेला आणि नळ सोडल्यावर नुसता फेस आला. शेजारच्या आजींनी ग्लास काढून घेतला, तिरका धरला, शेवटी सरळ केला आणि पाण्यातली सपाट पट्टी वरून फिरवून फेस कापला. ‘‘दोन बोटं,’’ त्या म्हणाल्या. भाषेच्या वर्गात सहा महिन्यांत जेवढं डच शिकले नव्हते, तेवढं त्या काउंटरमागे तीन शनिवारांत आलं. मोडकं बोललं तरी माणसं थांबतात, कारण त्यांना बिअर हवी असते.

२७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस. त्या दिवशी कुणीही परवान्याशिवाय रस्त्यावर घरचं सामान विकू शकतं. लोक आधीपासूनच फुटपाथवर खडूनं चौकोन आखून ‘बेझेट’ लिहून ठेवतात, म्हणजे जागा अडवली. रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. यंदा आमचाही चौकोन होता. लेकीनं सतरंजीवर कोडी, पुस्तकं आणि मागच्या वर्षी याच रस्त्यावर घेतलेले घरचे फुटबॉलचे बूट मांडले. एक बाबा छोट्या मुलीला घेऊन थांबले, तीन युरोंना बूट ठरले. लेक म्हणाली, ‘‘एक मिनिट.’’ तिनं मार्कर उघडला, बुटाची जीभ वर केली, आधीच्या खोडलेल्या नावाखालचं आपलं नाव खोडलं आणि मार्कर त्या मुलीच्या हातात दिला.