आडनावातला ‘नीस’

फडणीस, चिटणीस, पोतनीस. आमच्या इंदुरात लोक मला विचारतात, “हे चिटणीस सगळे एकाच घराण्यातले का हो?” तसं नाही. ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. फर्द म्हणजे यादीचा, हिशेबाचा कागद. फर्दनवीसाचा फडणवीस, पुढे फडणीस झाला. चिटणीस पत्रव्यवहार पाही, पोतनीस रोकड. म्हणजे ही हुद्द्यांची नावे, कुळाची नव्हेत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे भानू. होळकर, शिंदे, गायकवाडांच्या दरबारांतही हे हुद्दे होते. प्रत्येक ठिकाणी धरणारे घराणे वेगळे. म्हणून वंशावळ जुळवताना आधी मूळ आडनाव, गोत्र, कुलदैवत विचारा. नुसत्या ‘चिटणीस’वरून भाऊबंदकी ठरवू नका.